हायस्कूलच्या फुटबॉल टीमसाठी हेड कोच निवडायचाय, मुलाखतीत काय विचारू?

रानजाई | १४ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही अशा विषयावर की माझी आई वाचेल तर हसेल.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. धाकटा दहावीत आहे, शाळेच्या जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे मुख्य टीमच्या खालच्या) टीममध्ये सेंटर खेळतो. बाप त्याला सहा वर्षं इमानेइतबारे क्रिकेटला नेत होता. पण सातवीत पोराची उंची-रुंदी बघून शाळेतल्या फुटबॉल कोचने त्याला डबा खाताना हेरलं आणि आमचं किट गॅरेजमध्ये गेलं ते गेलंच.

तर डिसेंबरात आमच्या हेड कोचने राजीनामा दिला. दिला की घेतला ते तुम्ही समजून घ्या. सीझनच्या दहा मॅचेस, त्यातल्या तीन जिंकलो. आता नवीन कोच शोधताहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्टने (इथल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) या वेळी मुलाखतीच्या पॅनेलवर प्रत्येक इयत्तेतून पालक घ्यायचं ठरवलंय. फॉर्म आला, मी भरला. दहावीतून दुसऱ्या कुणी भरलाच नाही म्हणून माझी वर्णी लागली.

तीन उमेदवार उरलेत. नावं अर्थातच देत नाही.

पहिले आमच्याच शाळेतले, डिफेन्सचे (बचावाचे) कोऑर्डिनेटर. अकरा वर्षं इथे आहेत, भूगोल शिकवतात, लेकाला फार आवडतात. दुसरे पश्चिमेकडच्या एका लहान गावातले हेड कोच. बावीस वर्षांचा अनुभव, भिंतभर ढाली. तिसरा तेहतीस वर्षांचा, एका नावाजलेल्या शाळेत ऑफेन्स (आक्रमण) सांभाळतो. सगळे बाबा लोक त्याच्यावर फिदा आहेत.

प्रत्येक पालकाला दोनच प्रश्न विचारता येतील. शेवटचा शब्द सुपरिंटेंडंटचा आणि स्कूल बोर्डाचा. आमचं मत कागदावर जाणार, पुढे त्याचं काय होतं देव जाणे. नवरा म्हणतो, "सरळ विचार, जिंकून देणार का?" पण त्याला कोण नाही म्हणणार?

इथे कुणाची मुलं यातून गेली असतील तर सांगा.

---

पंचगंगाकाठ | १५ जानेवारी, सकाळी ११:०५

सेंटर म्हणजे सेंटर फॉरवर्ड काय ओ ताई? आमच्या कोल्हापुरात सेंटर फॉरवर्डला लई मान. गोल किती मारले पोरानं?

---

रानजाई | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

नाही हो दादा 😀 हा हेल्मेटवाला फुटबॉल. यात पायाचं काम फार थोडं. सेंटर म्हणजे ओणवा उभा राहून दोन पायांमधून बॉल मागे देणारा, आणि दिला की लगेच समोरच्या शंभर किलोच्या मुलाला अडवणारा. गोल कधीच नाही. अख्ख्या सीझनमध्ये त्याचं नाव माइकवर एकदा आलं, तेही बॉल चुकीचा दिला म्हणून.

---

पंचगंगाकाठ | १५ जानेवारी, रात्री ८:१५

म्हंजे ओझं उचलणारा गडी. असल्या गड्यावरच तालीम उभी असती. बरं मग, मला त्या खेळातलं काय कळत नाही, पण कोच निवडायच्या भांडणातलं कळतंय. बसतो ऐकत.

---

बायूकाठचा | १५ जानेवारी, रात्री ९:५०

ह्यूस्टनहून. माझी दोन्ही पोरं यातून गेली. मोठा चारही वर्षं टिकला, धाकट्याने नववीच्या ऑक्टोबरात हेल्मेट परत केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

ताई, सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की टेक्सासमधला हेड कोच म्हणजे आपल्याकडचे पी.टी.चे सर नव्हेत. ६ए म्हणजे सगळ्यात मोठ्या गटातल्या शाळेत नववीच्या टीम, जेव्ही, व्हर्सिटी (मुख्य टीम) असं धरून दीडशेच्या वर मुलं सहज होतात. हाताखाली डझनावारी असिस्टंट. बऱ्याच शाळांत तोच सगळ्या खेळांचा कोऑर्डिनेटर असतो, म्हणजे मुलींच्या व्हॉलीबॉलला जिम किती वाजता मिळणार हेही त्याच्या टेबलावरून जातं. एका अर्थी तुम्ही एका मध्यम कारखान्याचा मॅनेजर निवडताय.

आणि हे सगळे असिस्टंट शिक्षक असतात. यूआयएलचा (टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा) नियमच आहे, कोच डिस्ट्रिक्टचा पूर्णवेळ नोकर पाहिजे. नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. त्यांना घ्यायचं तर शाळेत इतिहास, भूगोल, गणिताच्या जागा रिकाम्या व्हाव्या लागतात. पुढच्या वर्षी तुमच्या लेकाला जगाचा इतिहास कोण शिकवणार, हे या मुलाखतीत ठरतंय. ही गोष्ट पालकांच्या सभेत कुणी बोलत नाही. मोठ्याला अकरावीत गणिताला असाच एक 'सोबत आलेला' माणूस मिळाला होता. ट्यूशनला पैसे मी भरले.

मार्कांचं मात्र उलटं. १९८४ पासून इथे 'नो पास, नो प्ले' कायदा आहे. एका विषयात नापास झालं की तीन आठवडे मैदान बंद, सुरुवातीला तर सहा आठवडे होतं. त्यामुळे चांगला कोच पोरांच्या मार्कांमागे बापापेक्षा जास्त लागतो.

दबाव किती असतो ते कळायला अॅलन गावाचं उदाहरण घ्या, तुमच्या जवळच आहे. २०१२ मध्ये हायस्कूलच्या टीमसाठी ६ कोटी डॉलरचं, १८,००० लोकांचं स्टेडियम बांधलं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि २०१४ चा अख्खा सीझन ते बंद. जिथे लोकांनी कर भरून असलं काही बांधलंय, तिथे तीन विजयांवर कोच टिकत नाही. मैदानात आपल्यापुढे कोण बसणार हे कोचला आधीच माहीत असतं.

माझा प्रश्न एकच: तुमच्याकडे नववीत आलेल्या मुलांपैकी बारावीपर्यंत किती टिकली, आणि गेलेली का गेली? जिंकल्या-हरल्याचा हिशेब इंटरनेटवर मिळतो. हा हिशेब फक्त त्याच्याकडे असतो. नसला तर तेही कळेल.

---

शून्यप्रहर | १६ जानेवारी, दुपारी १२:४०

पुण्यात बसून हा खेळ आकड्यांसाठी बघणारा मी एक वेडा. माझं मत जरा वेगळं. टिकणं-बिकणं ठीक, पण कोच विचार करतो की नाही ते बघा. आर्कान्सात लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमीत केव्हिन केली नावाचा कोच होता. त्याने हिशेब केला की चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, बॉल लाथेने लांब टोलवून समोरच्याला देणं तोट्याचं आहे. मग टोलवणंच बंद केलं. गुण मिळवल्यावरसुद्धा किक छोटीच मारायची, म्हणजे बॉल परत आपल्याला मिळायची शक्यता. सगळे हसले, आणि त्याने राज्य विजेतेपदांची रांग लावली.

तेव्हा विचारा, "चौथ्या डाउनला, दोन यार्ड हवे असताना, मैदानाच्या मध्यावर काय कराल, आणि का?" जो म्हणेल "तेव्हाचं तेव्हा बघू", त्याला चहा पाजून पाठवा.

(पंचगंगाकाठ, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. नाही जमलं तर बॉल समोरच्याला. एवढं कळलं तरी पुरे.)

---

बायूकाठचा | १६ जानेवारी, रात्री ८:००

शून्यप्रहर, तुमच्या गोष्टीचा पुढचा अंक सांगतो. हाच केली २०२१ मध्ये प्रेसबिटेरियन कॉलेजात गेला. डोकं तेच, वही तीच. पहिल्याच सीझनला २ विजय, ९ पराभव. तेवढ्यावरच सोडलं.

तसाच कोच टॉड डॉज. साउथलेक कॅरोल हायस्कूलला २००२ ते २००६ मध्ये चार राज्य विजेतेपदं. मग नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने उचललं, तिथे ६ जिंकले, ३७ हरले, हाकलला. परत हायस्कूलला आला, ऑस्टिनच्या वेस्टलेकला लागोपाठ तीन विजेतेपदं, २०१९ ते २०२१. मधल्या वर्षाची फायनल झाली २०२१ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात, आणि समोर कोण? साउथलेक कॅरोल, कोच त्याचा सख्खा मुलगा. बापाने ५२-३४ ने हरवला. तिळगूळ कुणी कुणाला दिला माहीत नाही.

म्हणून ढाली बघून भुलू नका. माणूस तोच असतो, जागा वेगळी झाली की उत्तर वेगळं येतं. लहान गावातल्या कोचला तुमच्या दीडशे खेळाडूंच्या शाळेत काय येतं, ते त्यालाही माहीत नाही.

---

शून्यप्रहर | १६ जानेवारी, रात्री ८:२५

मान्य. पण माझा प्रश्न राहू द्या यादीत. 🙂

---

कडुलिंब | १६ जानेवारी, रात्री ११:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोच कोण याआधी हा खेळ खेळूच का देताय? बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये छापलं होतं, एनएफएलच्या (इथल्या व्यावसायिक लीगच्या) १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोकं वारंवार आदळून होणारा मेंदूचा आजार, सापडला. आपली मुलं अभ्यासात हुशार असतात. डोकं हीच आपली शेती, तीच नांगरून टाकायची?

---

रानजाई | १७ जानेवारी, सकाळी ६:५०

रागवत नाही. हा वाद आमच्या घरात दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर झालाय. ते १११ मेंदू घरच्यांना शंका आली म्हणून दान केलेल्यांचे होते, म्हणजे सगळ्या खेळाडूंमध्ये तेवढं प्रमाण असा त्याचा अर्थ नाही. पण म्हणून मला झोप लागते असंही नाही. मी कधी "नको" म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. मी म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते वेगळ्या धाग्यात कधीतरी.

---

निवडुंग | १७ जानेवारी, सकाळी ९:३०

रानजाई, तुझा धागा आत्ता दिसला. मी जॉर्जियात हायस्कूलमध्ये अॅथलेटिक ट्रेनर आहे. आपल्याकडचं फिजिओथेरपीचं शिक्षण, मग इथे परत परीक्षा वगैरे. मैदानाच्या कडेला बर्फाची पेटी घेऊन उभी असते ती मी.

कडुलिंब म्हणतात त्या डोक्याच्या दुखापतीबद्दल आधी. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे: कन्कशनची (मार बसून मेंदू हादरल्याची) शंका आली की मुलगा त्या दिवशी परत खेळणार नाही, आणि नंतर कधी खेळणार हे कोच ठरवू शकत नाही. डॉक्टरचं लेखी लागतं. २०१३ पासून सीझनमध्ये आठवड्याला पूर्ण धडकाधडकीचा सराव प्रत्येक मुलामागे ९० मिनिटांच्या वर नाही. कागद बरा आहे. पण मुलाने येऊन "मॅडम, डोकं दुखतंय" म्हणायला हवं ना! ते तो म्हणणार की नाही हे कोचच्या तोंडाकडे बघून ठरवतो. माझ्याकडे बघून नाही.

आता मला खरी भीती वाटते ती गोष्ट. ऊन.

तुझा सेंटर आहे, म्हणजे लाइनमन, पुढच्या फळीत भिडणारा. अंगाने मोठी मुलं, डोक्यावर हेल्मेट, छातीवर पॅड, ऑगस्टचा महिना. उष्माघाताने या खेळात जी मुलं गेली त्यांत सर्वांत जास्त लाइनमनच. २००८ च्या ऑगस्टमध्ये केंटकीत लुईव्हिलला १५ वर्षांचा एक मुलगा धावण्याच्या सरावात कोसळला, तीन दिवसांनी गेला. तोही लाइनमन. कोचवर फौजदारी खटला चालला. २००९ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं, पण हायस्कूल कोचला मुलाच्या मृत्यूसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, हे लोकांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. नंतर २०१८ मध्ये मेरीलंड विद्यापीठात १९ वर्षांचा मुलगा गेला. त्याला वेळेवर थंड पाण्यात बुडवलं नव्हतं, हे विद्यापीठानेच कबूल केलं.

आणि उपाय किती साधा आहे बघ. एक मोठा टब, पाणी, बर्फ. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलंय आणि मुलगा बरळतोय, तर अर्ध्या तासाच्या आत त्याला गळ्यापर्यंत बुडवायचं. आधी थंड करायचं, मग अॅम्ब्युलन्समध्ये घालायचं. उलट केलं की मुलं जातात. आमच्याकडे २०१२ पासून सरावाआधी वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर मोजतात. नुसती हवा नाही, दमटपणा, ऊन, वारा सगळं त्यात येतं. फॅरनहाइटमध्ये ९२ च्या वर गेलं की बाहेरचा सराव बंद. कुणाचीही मॅच असो.

मी जवळून सहा हेड कोच पाहिले. एक होता, मी हात वर केला की शिट्टी वाजवायचा, कारण विचारायचा नाही. दुसरा होता, मी हात वर केला की घड्याळाकडे बघायचा. दोघांचे विजय साधारण सारखेच.

तू असं विचार: "मागच्या काही वर्षांत तुम्ही सराव मध्येच थांबवला, असा एक दिवस सांगा." धोरण विचारू नकोस. धोरण सगळ्यांना पाठ असतं. दिवस विचार.

---

बायूकाठचा | १७ जानेवारी, सकाळी १०:०५

निवडुंग, दंडवत. धाकट्याने हेल्मेट का परत केलं ते मला चार वर्षांनी कळलं होतं. घड्याळाकडे बघणाराच होता तो.

---

एक_वाटसरू | १७ जानेवारी, दुपारी १:१५

आणि प्रार्थनेचं काय? इकडे मॅच संपली की कोच गुडघ्यावर बसतो आणि मुलं भोवती. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या कोचच्या बाजूने ६-३ निकाल दिला. आपल्या मुलांनी काय करायचं? हे विचारायलाच हवं पॅनेलमध्ये.

---

झुणकेश्वर | १७ जानेवारी, दुपारी २:००

आपल्याकडे शाळेत सरस्वतीपूजन झालं तेव्हा कुणी विचारलं होतं का, बाकीच्यांनी काय करायचं?

---

एक_वाटसरू | १७ जानेवारी, दुपारी २:१०

विषय भरकटवू नका. सरस्वतीपूजनाला कुणाची टीममधली जागा जात नव्हती.

---

संपादक मंडळ | १७ जानेवारी, दुपारी ४:३०

या विषयावरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धागा कोच निवडीचा आहे.

---

रानजाई | १७ जानेवारी, रात्री ९:१५

संपादक, आभार. वाटसरू, मुद्दा खरा आहे, आणि निकाल एकट्या कोचच्या स्वतःच्या प्रार्थनेपुरता होता, मुलांवर जबरदस्तीला त्याने परवानगी दिलेली नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला "जबरदस्ती नाही" आणि "सगळे बसलेत" यात फरक कळतो का? लेकाला विचारलं, तू तेव्हा काय करतोस? म्हणाला, "बुटाची लेस बांधतो. लांब असते ती."

---

निवृत्त_मास्तर | १८ जानेवारी, सकाळी ६:२०

मी हा खेळ पाहिलेला नाही. पण एकतीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि कबड्डीचा संघ केला, म्हणून लिहितो. निवडुंगताईंचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेला होता. कर्णधार पोरगा उत्तम चढाईपटू. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. रात्री सुजून भोपळ्याएवढा झाला. मी स्वतः हळद-चुना लावला, सकाळी घट्ट पट्टी बांधली आणि विचारले, "खेळशील ना रे?" असे विचारले की पोरगा काय म्हणणार? मुख्याध्यापक, सरपंच, दोन ट्रॅक्टर भरून गाव आले होते. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. आमच्या गुणांतले पाच त्याचे.

तो पुन्हा कधी खेळला नाही. आज गावात त्याचे किराणा दुकान आहे. दुकानाला दोन पायऱ्या आहेत, त्या तो बाजूला धरून, एक एक करून उतरतो आणि माझी पिशवी माझ्या हातात देतो. "सर, तुम्ही कशाला वर येता," म्हणतो. त्या सामन्याबद्दल तो कधी बोलला नाही. मीही नाही. ढाल शाळेच्या कपाटात आहे.

मला कोणी वाईट शिक्षक म्हटले नाही, उलट त्या वर्षी सत्कार झाला. तेव्हा ताई, उमेदवार सज्जन आहे की नाही हे पाहून भागत नाही. मी सज्जनच होतो. त्याला "नाही" म्हणणारे दुसरे कोणी मैदानावर आहे का, आणि त्याचे तो ऐकतो का, हे पाहा. माझ्या मैदानावर तसे कोणी नव्हते.

---

निवडुंग | १८ जानेवारी, सकाळी ८:०५

सर 🙏

---

पंचगंगाकाठ | १८ जानेवारी, रात्री ९:००

मास्तर, तुमचं वाचून जरा वेळ गप्प बसलो.

ताई, इकडं आमच्यात पण तेच हाय बघा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी... शाहू स्टेडियमवर मॅच म्हटली की पेठ रिकामी. टीम हरली की कोचला गल्लीतनं जाता येत नाही, दूधवाला पण विचारतो, "त्या पोराला का बसवलंसा?" परदेशी खेळाडू आणून बघितले, सगळं बघितलं. तुमचं टेक्सास म्हंजे आमची पेठच की, फक्त हेल्मेट घातलेली!

पण एक सांगतो. आमच्याकडचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. असं पोरगं नाव काढतं ते बारकं असताना त्याच्यावर कुणीतरी घाम गाळलेला असतो म्हणून. मोठ्या टीमच्या कोचला हार मिळतो, बारक्या पोरांच्या कोचला चहा पण नाही. तुमच्या त्या नववीच्या दुसऱ्या टीमला कोण शिकवणार, ते विचारा. तिथं जर हेड कोच उरलासुरला माणूस टाकत असंल तर सोडून द्या.

---

शून्यप्रहर | १८ जानेवारी, रात्री ९:४०

पंचगंगाकाठ, तुम्हाला खेळ कळत नाही म्हणता आणि सगळ्यात कामाचं तुम्हीच बोललात. माझा चौथ्या डाउनचा प्रश्न मागे घेतो.

---

रानजाई | ३० जानेवारी, रात्री ११:३०

धागा वर काढतेय. मुलाखती झाल्या. उशीर झाला कारण निकाल जाहीर होईपर्यंत लिहायचं नाही असं कबूल केलं होतं.

शाळेच्या लायब्ररीत, प्रत्येकी पाऊण तास. मी बायूकाठचा यांचा एक आणि निवडुंगचा एक असे दोन प्रश्न घेतले. बारक्या टीमचा प्रश्न शेजारी बसलेल्या नववीच्या बाबांना दिला, त्यांनी तो माझ्यापेक्षा चांगला विचारला.

लहान गावातले कोच आधी आले. मोकळा माणूस. किती टिकली यावर म्हणाले, "आमच्या शाळेत मुलंच इतकी कमी की जो येतो तो खेळतो. कुणाला सोडून जायची सोयच नाही." प्रामाणिक वाटलं. पण सराव थांबवल्याच्या प्रश्नावर म्हणाले, "बावीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नाही." ते अभिमानाने म्हणाले आणि दोन बाबांनी मान डोलावली. वेस्ट टेक्सासचा ऑगस्ट, बावीस वर्षं, एकदाही नाही. मी काही बोलले नाही, वहीत लिहिलं.

तरुण कोच. स्लाइड्स होत्या, छान होत्या. किती टिकली याचा आकडा नव्हता, "शोधून पाठवतो" म्हणाला. (पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा वर्षांचा तक्ता.) सराव थांबवलेला दिवस विचारल्यावर म्हणाला, विजा चमकल्या म्हणून. ते तर अॅप वाजलं की सगळेच थांबवतात, अर्धा तास आत बसतात. मी म्हटलं, तो सोडून. जरा थांबला आणि म्हणाला, "तो अधिकार माझ्याकडे कधी नव्हता. मी फक्त ऑफेन्स बघतो. खरं सांगायचं तर मी यावर विचार केलेला नाही."

आमचे भूगोलाचे सर शेवटी. स्लाइड्स नाहीत, टायसुद्धा वाकडा. किती टिकली? "माझ्या हाताखालच्या एका बॅचमध्ये चोपन्न आली, एकोणीस उरली. त्यातली सहा माझ्यामुळे गेली असं मला वाटतं," आणि त्यांनी ती सहा का गेली ते एकेक करून सांगितलं, नावं न घेता. सराव थांबवलेला दिवस? मंगळवार होता, म्हणाले. ट्रेनरने हात वर केला, मुलगा धडधाकट दिसत होता, आपण चिडलो होतो, तरी थांबवला. मुलगा खरंच धडधाकट निघाला. "त्या दिवशी मी चूक होतो की ट्रेनर, हे मला अजून ठरवता आलं नाही. पण पुढच्या वेळी पण थांबवेन."

मी त्यांना पहिली पसंती दिली. पॅनेलमधल्या सातपैकी चौघांनी दिली.

बोर्डाने काल रात्री तरुण कोचला नेमलं. सात विरुद्ध शून्य.

---

कडुलिंब | ३० जानेवारी, रात्री ११:५५

म्हणजे पॅनेल हा निव्वळ देखावा.

---

बायूकाठचा | ३१ जानेवारी, सकाळी ७:१०

देखावाच असतो बहुतेक वेळा. पण दुसऱ्या दिवशी तक्ता पाठवला, ते मला बरं वाटलं. आणि "विचार केलेला नाही" हे मुलाखतीत बोलायला छाती लागते. भूगोलाचे सर राहणार का?

---

रानजाई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४५

नाहीत. दोन तासांवरच्या एका शाळेत त्यांना हेड कोचची जागा मिळाली, वर्ष संपलं की जातील. चांगलंच झालं त्यांचं. लेक त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात गेला होता, उशिरा घरी आला. काही बोलला नाही, चार पोळ्या खाल्ल्या. मग ताट सिंकमध्ये ठेवताना विचारलं, "आई, तू त्यांनाच मत दिलंस ना?" सांगायचं नसतं खरं तर. मी मान हलवली.

परवा नव्या कोचची पालकांबरोबर पहिली सभा झाली. व्यासपीठावर त्याने आधी दोघी ट्रेनरना बोलावलं, त्यांचे फोन नंबर पडद्यावर दाखवले आणि मग स्वतःची ओळख करून दिली. माझ्या प्रश्नामुळे असं मी म्हणणार नाही, त्याच्या आधीच्या शाळेत तशी पद्धत असेल. निवडुंग, टब आहे का ते विचारलं. ट्रेनर म्हणाली, आहे, स्टोअररूममध्ये, त्यात जुने शोल्डर पॅड भरून ठेवलेत. ते काढायला मी शनिवारी जातेय, अजून दोघी आया येणार आहेत.

आता खेळाचं. जुने कोच क्वार्टरबॅकला (सेंटरकडून बॉल घेणाऱ्याला) सेंटरच्या पाठीशी चिकटून उभा करायचे, बॉल नुसता हातात द्यायचा. हा नवा 'स्प्रेड' नावाच्या पद्धतीने खेळवतो. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे, आणि लेकाने न बघता दोन पायांमधून बॉल तिथपर्यंत फेकायचा, नेमका छातीवर. पहिल्या दिवशी घरामागे पन्नास फेकले, त्यातले अकरा गॅरेजच्या दारावर. शेजारचे काका बघायला आले. नवऱ्याची पाठ धरलीये, तेव्हा क्वार्टरबॅक मी. उजव्या हाताचं मधलं बोट सुजलंय, पण काल पन्नासपैकी छत्तीस छातीवर आले.

---

निवडुंग | ११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

बोट ओढू नकोस! सगळ्यांना वाटतं कटकन ओढलं की बसतं. बर्फ लाव, शेजारच्या बोटाला धरून टेप गुंडाळ, दोन दिवस बॉल बंद. तिसऱ्या दिवशी पूर्ण वाकलं नाही तर एक्स-रे काढ. आणि झेलताना बोटं बॉलकडे टोकदार नको, तळवे उघडे, अंगठे जवळ. लेकाला म्हणावं, आईला आधी झेलायला शिकव.